टोकाची बिजागरी : साताऱ्यातल्या शेडमधल्या प्रकल्प नोंदी

१० जून

आज सरांनी विषय मंजूर केला. कागदावर नाव लांबलचक आहे, शेडमध्ये मात्र त्याला ‘टोकाची बिजागरी’ असंच नाव पडलंय. विमानाच्या पंखाचं शेवटचं टोक उडता उडता हवं तेवढं वर वळवता आलं, तर ड्रॅग, म्हणजे हवेची मागे ओढण्याची ताकद, किती कमी होते ते आम्हाला मोजायचंय. आम्ही म्हणजे मी आणि माझी प्रकल्पातली मैत्रीण. जागा सातारा एमआयडीसीतल्या मामाच्या फॅब्रिकेशन शेडचा मागचा कोपरा. मामाची अट एकच, वेल्डिंग चालू असताना मध्ये यायचं नाही.

नंतर गोंधळ नको म्हणून मूळ गोष्ट इथं लिहून ठेवते. उडताना पंखाच्या खालच्या बाजूला हवेचा दाब जास्त असतो, वरच्या बाजूला कमी. मधल्या भागात खालच्या हवेला वर जायला वाट नसते. टोकाला ती मिळते. तिथं हवा कडेला वळसा घालून वर चढते आणि पंखामागे भोवरा सुटत राहतो. तो भोवरा फिरवायला लागणारी ऊर्जा शेवटी इंजिनालाच द्यावी लागते. हा इंड्यूस्ड ड्रॅग. लिफ्ट, म्हणजे पंखाची वर उचलण्याची ताकद, दुप्पट केली की तो चौपट होतो, वेग दुप्पट केला की चौथाईवर येतो, आणि पंखाची लांबी, म्हणजे स्पॅन, वाढवली की तिच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. प्रवासी जेट उंचावर सरळ जात असतं तेव्हा एकूण ड्रॅगपैकी साधारण ४० टक्के हाच असतो. टेकऑफनंतर हळू वेगात चढताना तर त्याचा वाटा सगळ्यात मोठा.

टोकाला आडोसा करायची कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं १८९७ मध्ये टोकाला उभ्या पट्ट्या लावायचं पेटंट घेतलं होतं. पण नुसती पट्टी उभी केली तर तिचं स्वतःचं घर्षणच जास्त पडतं. नासाच्या रिचर्ड व्हिटकॉम्बनं १९७० च्या दशकात, तेलाचे भाव भडकल्यानंतर, त्या पट्टीला छोट्या पंखाचाच आकार दिला. मग ती भोवऱ्याच्या तिरक्या हवेतून थोडीशी पुढे ओढणारी ताकदसुद्धा मिळवते. १९७९-८० मध्ये केसी-१३५ विमानावर तिच्या चाचण्या झाल्या आणि पल्ला सात टक्क्यांपर्यंत वाढू शकतो असं दिसलं. आज दिसणारे विंगलेट तिथून आले.

हे विंगलेट एका जागी पक्के बसवलेले असतात. विमान मात्र एका उड्डाणात हळू चढतं, वेगात जातं, इंधन जळेल तसं हलकं होतं आणि शेवटी पुन्हा हळू होऊन उतरतं. एकच कोन या सगळ्याला पुरेल का? माझा अंदाज असा की चढताना टोक आडवं बरं आणि वेगात जाताना उभं बरं. हा अंदाज तारखेसह लिहून ठेवते.

१७ जून

बोगदा उभा राहिला. विंड टनेल म्हटलं की लोकांना मोठं काहीतरी वाटतं. आमचा प्लायवूडचा आहे, तपासणीची जागा ५० सेंटिमीटर रुंद आणि ४० उंच, एका बाजूला ॲक्रिलिकची काच. मागे भंगारातून आणलेला थ्री-फेजचा फॅन हवा ओढतो. पुढचं तोंड १०० बाय ८०, म्हणजे हवा आत येईपर्यंत चौपट दाबली जाते आणि सरळ होते.

सरळ होते असं म्हणाले खरं, पण शेडमधली हवा घोळतच आत येते. म्हणून तोंडाशी वायरिंगच्या २० मिलीमीटरच्या पाइपचे १५ सेंटिमीटरचे तुकडे जाळीसारखे रचलेत. आडवे ५०, उभे ४०, एकूण दोन हजार. चार दिवस आम्ही दोघी फक्त पाइप कापत होतो. मामा चहा घेऊन आला आणि बराच वेळ बघत उभा राहिला. म्हणाला, “आगं, एवढ्या नळ्या कापून हवा सरळ चालती व्हय?” मी त्याला अगरबत्ती दिली. जाळी लावायच्या आधी धूर आत शिरून गुंडाळत होता. जाळीनंतर तोच धूर ताणलेल्या दोऱ्यासारखा काचेमागून गेला. मामानं अगरबत्ती वर-खाली, डावी-उजवीकडे नेऊन स्वतः खात्री केली आणि मग बिनबोलता निघून गेला. संध्याकाळी फॅनच्या पायाला रबराचे तुकडे त्यानंच बसवून दिले.

वेग मोजायला औषधाच्या दुकानातली सलाईनची नळी वापरलीय, आत रंगीत पाणी. हिशोब असा. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथली हवा विरळ. समुद्राकाठी १.२२५ किलो प्रति घनमीटर धरतात, आम्ही १.०८ धरतो. १२ मीटर प्रति सेकंद वेगाला हवेच्या दाबानं पाणी फक्त ८ मिलीमीटर चढतं. त्यात एक मिलीमीटर चुकला तर दाब १२ टक्क्यांनी चुकला. म्हणून नळी उभी न ठेवता पाचाला एक अशा चढावर तिरकी ठेवली. आता तेच ८ मिलीमीटर ४० होऊन दिसतात.

२६ जून

पंख कापला. क्लार्क-वाय हा जुना, खालून जवळजवळ सपाट आकार घेतला, थर्माकोलमध्ये हॉट वायरनं, म्हणजे तापलेल्या तारेनं. अर्धाच पंख आहे, भिंतीतून बाहेर आलेला, ३० सेंटिमीटर लांब आणि ९ रुंद. टोकाचा वळणारा तुकडा आणखी ६ सेंटिमीटर. भिंत आरशासारखं काम करते, म्हणून अर्ध्यावर भागतं.

अडचण अशी की या आकाराची जाडी रुंदीच्या ११.७ टक्के, म्हणजे आमच्या पंखात जेमतेम साडेदहा मिलीमीटर. टोक वळवणारी सर्व्हो, म्हणजे सांगू तेवढ्याच कोनात फिरणारी छोटी मोटर, आडवी घातली तरी बारा मिलीमीटर जाड. दीड मिलीमीटरचा उंचवटा वर आला तर आम्ही टोकाचा ड्रॅग मोजतोय की मोटरचा, हेच कळायचं नाही.

पंखाच्या लाकडी फासळ्या आण्णा मिस्त्री करून देतात. ते परवा वारीला निघतायत. बिजागरी आषाढीनंतरच.

९ जुलै

काम थांबलंय म्हणून अजिंक्यताऱ्यावर गेले. पाऊस नव्हता, वारा मात्र जोरात होता. मंगळाईच्या देवळाच्या पुढे तटाला टेकून बसलं की घारी खाली दिसतात, पाठीवरून. किल्ल्याच्या कड्यावर आदळून वर चढणाऱ्या हवेवर त्या तरंगत असतात.

एक घार माझ्यापासून दहा-बारा हातांवर जवळजवळ जागच्या जागी थांबली होती. पंख पूर्ण उघडे, आणि टोकाची पिसं हाताची बोटं फाकवावीत तशी वेगवेगळी, प्रत्येक थोडं वर वाकलेलं. पुढचं सगळ्यात वर, मागचं त्याहून कमी. मग वाऱ्याचा झोत आला. बोटं मिटली, मनगट मागे गेलं आणि ती सरळ खाली समर्थ मंदिराच्या बाजूला निघून गेली. हे सगळं एका श्वासात. पुन्हा हळू झाली तशी बोटं पुन्हा उघडली.

व्हान्स टकर या शास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात हॅरिस हॉक नावाचा शिकारी पक्षी विंड टनेलमध्ये तरंगवून दाखवलं होतं की या फटींमुळे ड्रॅग कमी होतो. ते मी वाचलं होतं. पण झोत आला तेव्हा घारीनं बोटं मिटली, ही गोष्ट मी वहीत वेगळी लिहून ठेवली. तिथं तिला ड्रॅगची काळजी नसावी. तिथं पंख सांभाळायचा होता असं वाटलं.

२२ जुलै

आण्णा आले. येताना बुक्का आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद आणला. बसल्या बसल्या दोन तासांत फासळ्या झाल्या.

बिजागरीला धातू नको होता. शेवटी जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापून दोन्ही बाजूंना चिकटवली. ती वाकते, पण सरकत नाही. टोक वर वळलं की खाली फट पडते, तिथून दाबाची हवा वर निसटेल. त्यावर डॉक्टरी हातमोज्याचं रबर ताणून लावलं.

सर्व्हो पंखाबाहेर, भिंतीमागे ठेवायचं ठरलं, आणि तिथून सायकलच्या ब्रेकची बारीक केबल पंखातून टोकापर्यंत. छान चाललं. मग तराजू जोडला आणि फॅन बंद असताना नुसतं टोक हलवलं, तर ड्रॅगचा काटा चार ग्रॅम सरकला! केबल ताणली की ती पंखालाच मागे ओढते. आम्हाला शोधायचाय अर्धा-एक ग्रॅमचा फरक आणि आमची केबलच चार ग्रॅमचं खोटं बोलते. रात्री साडेनऊपर्यंत केबलला तेल घातलं, वळणं बदलली, काही फरक नाही.

२३ जुलै

उपाय साधा निघाला. सर्व्हो शेडच्या चौकटीवर होता, तो उचलून तराजूच्या हलत्या पाटीवरच बसवला. आता केबलची ओढ पाटीच्या आतल्या आत मिटते, लोडसेलपर्यंत, म्हणजे तराजूच्या भार मोजणाऱ्या भागापर्यंत, पोहोचतच नाही. पाटी आणि चौकट यांच्यामध्ये आता फक्त केसाएवढ्या तीन तारा आहेत. टोक हलवलं तर काटा ०.१ ग्रॅमच्या आत.

५ ऑगस्ट

पहिला तक्ता, आणि तो उलटा आलाय. पंख हवेला ६ अंशांवर धरला. टोक नसलेल्या साध्या पंखाचा ड्रॅग ११.१ ग्रॅम. आडवं टोक लावून १२.१ ग्रॅम. म्हणजे टोकानं ड्रॅग वाढला. मैत्रीण म्हणाली, रबराची सुरकुती असेल. रबर बदललं, आकडा तोच. तीन वेळा केलं. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं की व्होल्टेज पडतं आणि फॅन मंदावतो, म्हणून जेवणाच्या सुट्टीत पुन्हा केलं. तोच आकडा.

६ ऑगस्ट

चूक सापडली, ती मोजण्यात नव्हती, तुलनेत होती. त्याच ६ अंशांवर साध्या पंखाची लिफ्ट १५० ग्रॅम होती आणि टोकवाल्याची १८६. टोकवाला पंख जास्त वजन उचलत होता आणि मी दोघांना एकच मजुरी लावत होते. विमानाला लिफ्ट आपल्या वजनाएवढीच हवी असते, त्याहून जास्त घेऊन ते करणार काय? पंख लांब झाला तर वैमानिक नाक थोडं खाली घेईल.

म्हणून तुलना समान कोनावर करायची नाही, समान लिफ्टवर करायची. टोकवाला पंख थोडा खाली झुकवत नेला, लिफ्ट १५० वर आणली आणि ड्रॅग वाचला: १०.१ ग्रॅम. साध्यापेक्षा पूर्ण एक ग्रॅम कमी. काल ज्या पंखाला मी वाईट ठरवलं होतं, तोच आज नऊ टक्क्यांनी चांगला ठरला, आणि पंखात मधल्या वेळात काहीही बदललं नव्हतं. वहीचं जुनं पान फाडलं नाही. त्यावर लाल पेनानं ‘समान लिफ्ट’ एवढंच लिहिलं.

१९ ऑगस्ट

टोक ७५ अंशांवर उभं केलं की लिफ्ट वाढवत नेताना एका ठिकाणी ड्रॅग एकदम उडी मारतो. काचेतून काही दिसत नव्हतं, म्हणून विंगलेटच्या दोन्ही अंगांना लोकरीचे दोन-दोन सेंटिमीटरचे धागे चिकटवले. बाहेरच्या अंगाचे धागे शांत, मागे लोळलेले. आतल्या अंगाचे, म्हणजे पंखाकडच्या बाजूचे, थयथय नाचतायत, दोन तर उलटे पुढे वळलेत. हवा तिथून सुटलीय.

आण्णांना बोलावलं. त्यांनी गुण्या लावून बघितला आणि म्हणाले, “ताई, ही रेघ दोन सुतांनी तिरकी हाय. तुम्ही दिलेल्या कागदावर कोन कुठाय?” खरंच नव्हता. टोकाची मागची कड मी चार अंश पुढे झुकलेली काढली होती आणि आण्णांनी बिजागरीची रेघ त्याच कडेला काटकोनात मारली होती. नऊ सेंटिमीटरच्या रुंदीत सहा मिलीमीटरचा तिरकेपणा, म्हणजे बरोबर दोन सूत. माप न लिहिण्याची चूक माझी.

पण त्या तिरकेपणानं जे शिकवलं ते कुठल्या आकृतीत मला इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. वहीचा कोपरा दुमडून बघा. घडी जर कागदाच्या कडेला समांतर असेल, तर कोपरा सरळ वर उभा राहतो. घडी तिरकी असेल, तर तो उभा राहता राहता वळतो. आमचं टोक आडवं असताना हवेच्या सरळ रेषेत होतं, पण उभं होताना त्याचं नाक पंखाच्या मुळाकडे, आत वळत होतं. पंखाच्या वरची हवा टोकाजवळ बाहेरून आत वाहते. म्हणजे विंगलेटला आधीच बाहेरून हवा लागते, त्यात नाक आत वळलं की तिला सोसवेल त्यापेक्षा जास्त कोन होतो आणि हवा सुटते. म्हणूनच विंगलेटचं नाक थोडं बाहेर ठेवतात.

नवी फासळी करायला टाकली. या वेळी पुढचं टोक तीन अंश बाहेर, आणि कागदावर कोन ठळक लिहून.

८ सप्टेंबर

घरी गणपती बसलेत, एमआयडीसीत बहुतेक शेड बंद. व्होल्टेज असं स्थिर वर्षात पुन्हा मिळायचं नाही. आरती झाली की शेडवर, रात्री दोन वाजेपर्यंत. प्रत्येक आकडा पाच वेळा घेतला. एका आकड्यात ०.२ ग्रॅमची चूक धरून चालायचं.

लिफ्ट १७० ग्रॅमला, म्हणजे हळू आणि जड विमानासारख्या स्थितीत, साध्या पंखाचा ड्रॅग १२.७. टोक आडवं असताना ११.२, ४५ अंशांवर ११.६, ७५ अंशांवर १२.२. नव्या बिजागरीनं धागे शांत आहेत, उडी गेली. लिफ्ट ६० ग्रॅमला, म्हणजे वेगात आणि हलक्या विमानासारख्या स्थितीत, साधा पंख ६.४, आडवं टोक ६.८, उभं टोक ७.०.

बराच वेळ बघत बसले. १० जूनचा माझा अंदाज निम्मा खोटा ठरलाय. वेगात असताना टोक उभं करून काहीच मिळत नाही. टोकाचं घर्षण, आमच्या मापात सुमारे ०.७ ग्रॅम, ते उभं असो की आडवं, द्यावंच लागतं. दुमडल्यानं पृष्ठभाग नाहीसा होत नाही. आडवं टोक साधारण ९५ ग्रॅम लिफ्टच्या पुढे फायद्यात येतं, उभं टोक १३३ च्या पुढे. आणि जिथं जिथं दोघांची तुलना केली, तिथं आडवंच पुढे.

मग जगभर विंगलेट उभे का करतात? सगळे पंख सरळ लांब का करत नाहीत?

९ सप्टेंबर

एक कारण जागेचं. ए३२० आणि ७३७ यांच्यासारखी विमानं विमानतळावर ज्या गटात मोडतात, त्याची मर्यादा ३६ मीटरच्या आतली. विंगलेटसकट दोघांचा स्पॅन ३५.८ मीटर आहे. वीतभर जागा शिल्लक ठेवून बाकी सगळी वापरलीय, आणखी लांबी हवी तर ती वरच न्यावी लागते. बोइंगनं ७७७एक्सला तर टोकाला खरोखरीची बिजागरी दिली. उडताना ७१.७५ मीटर, उतरल्यावर टोकं वर दुमडून ६४.८५, म्हणजे ६५ मीटरच्या गटात बसतं. ती बिजागरी हवेत मात्र हलत नाही.

दुसरं कारण आज मोजलं. मुळाशी ॲल्युमिनियमची पट्टी आहे, तिच्यावर स्ट्रेनगेज, म्हणजे पट्टी किती ताणली ते मोजणारे तुकडे, चिकटवलेत. पंख वर वाकवणारी ताकद, म्हणजे मुळाचा मोमेंट, त्यातून कळतो. १७० ग्रॅम लिफ्टला साध्या पंखाला १०० धरलं, तर उभ्या टोकाला १०६ आणि आडव्याला ११५. लांब काठीच्या शेवटी बादली अडकवावी तसं. ११५ सोसायला पंखाचा कणा जाड लागेल, कणा जाड म्हणजे वजन, वजन म्हणजे जास्त लिफ्ट, आणि लिफ्ट वाढली की ड्रॅग वर्गानं वाढणार. आडव्या टोकानं वाचवलेलं सगळं लोखंडात जाईल.

आणि पंखाचा कणा रोजच्या शांत उड्डाणासाठी बेतलेला नसतोच. प्रवासी विमानाचा पंख वजनाच्या अडीच पट भार सोसेल असा करतात, वादळी झोतासाठी आणि अचानक घ्याव्या लागणाऱ्या वळणासाठी. तो भार येतो क्वचित, काही सेकंदांपुरता. म्हणजे टोक सतत आडवं ठेवावं आणि फक्त त्या काही सेकंदांत ते वर वळून भार सोडून देईल असं करावं. तर लांब पंखाचा फायदाही मिळेल आणि कणाही जाड करावा लागणार नाही.

अजिंक्यताऱ्यावरची घार हेच करत होती. ९ जुलैचं पान काढून पुन्हा वाचलं.

आजपासून प्रकल्पाचा प्रश्न बदलतोय. ‘कुठला कोन सगळ्यात चांगला’ हे सोडून ‘टोकानं कधी हलावं’ हे घ्यायचं. सरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मूळ तक्ता बदलू नका, त्याच्या पुढे लिहा.”

२४ सप्टेंबर

सर्व्होला अक्कल दिली. मुळाचा मोमेंट ठरवलेल्या हद्दीपर्यंत, तिला १०० म्हणू, टोक आडवं. हद्द ओलांडली की ७५ अंश वर. ९० च्या खाली आला की परत आडवं.

फॅन लावला आणि टोक फडफडायला लागलं, सेकंदाला दोनदा. कारण लगेच कळलं. पंखाचा कोन बोगद्यात पक्का आहे, त्यामुळे टोक वर गेलं की लिफ्टही घटते आणि तिचा हातही आखूड होतो, मोमेंट एकदम ८० वर येतो. ८० म्हणजे ९० च्या खाली, म्हणून टोक परत आडवं, परत १०० च्या वर, परत उभं. उतरायची हद्द ७० केली. फडफड थांबली.

नासानं २०१७-१८ मध्ये छोट्या बिनवैमानिक विमानाची पंखटोकं हवेत दुमडून दाखवली होती, तिथं मोटरऐवजी तापवलं की पीळ धरणारा निकेल-टायटॅनियमचा धातू होता. एक्सबी-७० या १९६४ सालच्या स्वनातीत विमानाची टोकं तर उडताना ६५ अंशांपर्यंत खाली वळायची. ते मात्र वेगळ्या कामासाठी, आवाजापेक्षा तिप्पट वेगात विमान दिशा सोडू नये म्हणून. आमचं काम त्या दोघांपेक्षा लहान आहे, पण प्रश्न खरा आहे.

३ ऑक्टोबर

झोताची चाचणी. पंखाच्या पुढे बोगद्यात आडवी पट्टी बसवली, बाहेरून दांडीनं तिरकी केली की हवा वर उसळते. टोक आडवं बांधून ठेवलं तर मोमेंटचं शिखर १३०. सर्व्हो मोकळा ठेवला तर ११२. फायदा आहे, पण सर्व्हो झोत आल्यानंतर जागा होतो. केबल ताणून टोक उभं होईपर्यंत शिखर निम्मंअर्धं येऊन गेलेलं असतं.

मग केबल काढूनच टाकली. बिजागरी सैल, टोक मोकळं. झोत स्वतःच टोकाला उचलेल, मोटरची वाट कशाला बघायची? एअरबसनं २०१९ मध्ये अल्बाट्रॉसवन नावाच्या छोट्या नमुन्यावर अशीच मोकळी टोकं उडवलीत. आमचं टोक फॅन लागताच सरळ वर गेलं आणि अडणीला टेकून तिथंच राहिलं. खाली यायचं नावच नाही.

५ ऑक्टोबर

दोन दिवस विचार केल्यावर ऑगस्टमधली तिरकी रेघ आठवली. नाक बाहेर वळवणारी बिजागरी टोक वर जाईल तसा त्याचा हवेशी असलेला कोन कमी करते. म्हणजे टोक वर गेलं की त्याला उचलणारी ताकद आपोआप घटते आणि एका ठिकाणी ते तरंगत थांबलं पाहिजे. आमचा तिरकेपणा तीन अंशांचा. पंख ६ अंशांवर असताना तो पुरत नाही, म्हणून टोक थेट वर. तिरकेपणा १५ अंश केला तर हिशोबानं ते साधारण २२ अंशांवर थांबायला हवं.

आण्णांना कागद दिला. कोन तीन ठिकाणी लिहिला होता. ते हसले, म्हणाले, “आता चुकायला जागाच ठिवली न्हाई.”

११ ऑक्टोबर

उद्या दसरा. शेड धुवून काढलंय, मामानं लेथला आणि फॅनला झेंडूच्या माळा आणून ठेवल्यात. आमच्या बोगद्यासाठी वेगळी माळ आणलीय, ती मी मागितली नव्हती.

१५ अंशांच्या बिजागरीचं टोक लावलं. फॅन हळूहळू वाढवला. टोक आधी लोंबकळलं, मग उचललं गेलं, थोडं वर-खाली झालं आणि स्थिरावलं. काचेवर कोनमापक धरून वाचलं: १८ अंश. हिशोबापेक्षा चार कमी, कारण टोकाचं स्वतःचं वजन हिशोबात नव्हतं. झोताची दांडी फिरवली. टोक झपकन वर गेलं आणि झोत सरताच पुन्हा १८ वर. मोमेंटचं शिखर १०४. दहा वेळा केलं, १०२ ते १०६ च्या मध्येच.

आता शेवटचा हिशोब. मोकळं टोक जवळजवळ लिफ्ट देतच नाही, ते नुसतं हवेत तरंगतं. त्यामुळे शांत हवेत १७० ग्रॅमला ड्रॅग १२.९, साध्या पंखापेक्षाही थोडा जास्त. बांधलेलं आडवं टोक तिथं ११.२ देतं. म्हणून शांत हवेत टोक आडवं अडकवलेलं हवं आणि हद्द ओलांडताच सुटलेलं. टोक उचलायचं काम सर्व्होकडून काढून घ्यायचं, त्यानं फक्त कडी ओढायची. कडी ओढायला टोक उचलण्याच्या मानानं फार थोडा वेळ लागतो, बाकीचं झोत करेल.

कडीची आकृती काढली. ३ मिलीमीटरची स्टीलची पिन, पितळी बुशमध्ये सरकणारी, मागे पेनमधली स्प्रिंग. पिन किती आत जाईल, बुशला किती ढील हवी, सगळी मापं लिहिली. मामा म्हणाला, बुश लेथवर तो स्वतः काढेल, पण पूजेला बसलेलं यंत्र उद्या चालवायचं नाही, परवा सकाळी ये.